पुण्यात बसून समुद्राचं हवामान वाचताना

मुळाकाठचा | ११ मे, रात्री १०:२०

मे लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ताम्हिणी उतरायचे बेत सुरू होतात. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, फार तर मुरूड. बेत रंगात आला की कोणीतरी विंडी या हवामानाच्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो : लाटा १.२ मीटर, वारा १५ किमी, आभाळ निरभ्र, चला निघा. त्या 'चला निघा'बद्दल मला जरा बोलायचंय. घाटाच्या अलीकडे राहणाऱ्यांना समुद्राचा अंदाज वाचायची सवय नसते. आपण तो पावसाच्या अंदाजासारखा वाचतो, एका आकड्यावर.

१.२ मीटर म्हणजे प्रत्येक लाट तेवढी, असं नव्हे. अंदाजात असते ती लक्षणीय लाटेची उंची, म्हणजे त्या वेळच्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. तिच्याहून मोठ्या लाटा येणारच. काही तास थांबलात तर एखादी जवळजवळ दुप्पट उंचीचीही येते.

त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात सेकंद लिहिलेले असतात, तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. माझ्या मते आधी तेच बघावेत. एक लाट गेल्यावर दुसरी यायला लागणारा तो वेळ. १.२ मीटर आणि ५ सेकंद हा जवळपासच्या वाऱ्याने उठवलेला समुद्र. अंगावर पाणी उडतं, होडी हादरे खाते, पण लाटेत दम कमी. १.२ मीटर आणि १५ सेकंद म्हणजे लाट फार लांबून आलेली आहे. लाटा किनाऱ्याकडे जी ऊर्जा आणतात ती उंचीच्या वर्गाच्या आणि या सेकंदांच्या प्रमाणात असते. म्हणजे उंची तीच, पण जोर तिप्पट. शिवाय अशी लाट उथळ पाण्यात शिरली की चांगलीच उंचावते. वारा नसतो, ऊन असतं, बराच वेळ सगळं शांत असतं आणि मग तीन-चार मोठ्या लाटा पाठोपाठ येतात. पाठ करून सेल्फी काढणारे लोक नेमके तेव्हाच पाण्यात असतात.

भरती-ओहोटी ही तिसरी गोष्ट. ॲपवर ती दुसऱ्याच पानावर असते, त्यामुळे बघितली जात नाही.

तर तुम्ही कोकणात उतरताना काय बघता? इथे जहाजावर, बंदरावर, वेधशाळेत आयुष्य घालवलेली मंडळी आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे.

कर्वेनगरी | ११ मे, रात्री १०:४१

आमच्या ग्रुपमध्ये समुद्र कसा आहे याच्या आधी सुरमई कशी आहे हे विचारतात. धागा वाचतोय मात्र.

जुना_डेकवाला | ११ मे, रात्री ११:३०

मुळाकाठचा, सेकंदांचा मुद्दा काढलात, बरं झालं. त्याचा हिशेब मांडतो, म्हणजे 'लांबून' म्हणजे किती लांबून ते कळेल.

खोल पाण्यात लाटेचा वेग, मीटर प्रति सेकंदात, तिच्या सेकंदांच्या १.५६ पट. १६ सेकंदांची लाट झाली २५ मीटर प्रति सेकंद. पण लाटांचा जो समूह असतो, ज्यात सगळी ऊर्जा असते, तो निम्म्या वेगाने सरकतो. साडेबारा मीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला ४५ किमी, दिवसाला हजार किलोमीटरच्या वर. आता नकाशा उघडा. कोकणच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे सरळ खाली या. विषुववृत्त ओलांडलं तरी अंटार्क्टिकापर्यंत आडवी जमीन लागत नाही. तिकडे ४० अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली वादळं बाराही महिने फिरतात आणि आपल्याकडे मे असतो तेव्हा तिथे हिवाळा जवळ आलेला असतो. तिथून आपला किनारा साधारण साडेसहा हजार किमी. म्हणजे तिकडे रविवारी उठलेली लाट पुढच्या शनिवारी तुमच्या सहलीला हजर.

हे कागदावरचं गणित नाही. मे २०२४ च्या सुरुवातीला इन्कॉइसने, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या सरकारी संस्थेने, अशाच लाटांचा इशारा दिला होता, त्यात मुंबईही होती. केरळच्या किनारी वस्त्यांत पाणी शिरलं. कन्याकुमारीजवळ वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी बुडाले. अरबी समुद्रात तेव्हा वादळ नव्हतं. त्या लाटांचं मूळ दक्षिण अटलांटिकमधून हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे सरकलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रात होतं.

आणखी एक. पुण्याचा समुद्राशी काय संबंध, असं इथे मागे कोणीतरी लिहिलं होतं. आम्ही जहाजावरून दर सहा तासांनी वाऱ्याची, दाबाची, लाटांची नोंद पाठवायचो. आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेअकरा. डोळ्यांनी लाट मोजायची, स्वतःच्या जहाजाच्या हालचालीतून. जहाजांच्या अशा नोंदी सांभाळण्याचं काम वर्षानुवर्षं शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसात चालत आलं आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, ती ही इमारत. चौकातल्या सिग्नलला थांबता तेव्हा बघा तिच्याकडे.

हर्णैची_मेघा | १२ मे, सकाळी ८:०५

माझं माहेर हर्णै, राहते धायरीत. घरची ट्रॉलर आहे, त्यामुळे बोलते.

ॲप आता प्रत्येक तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, मोबाइलवर आहे. तेव्हा 'आमचे लोक आभाळ बघून सांगतात' वगैरे गोड गैरसमज नको. पण तिथी अजून बघतात, आणि ते डोळे झाकून नाही. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं इकडे-तिकडे होतं, पण गाडीत बसल्या बसल्या एवढं पुरतं.

आता यातून पुणेकरांच्या कामाची गोष्ट. पुनवेला किंवा अवसेला उधाण असतं, पाणी जास्तीत जास्त चढतं आणि जास्तीत जास्त उतरतं. भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाला. सूर्यास्त बघायला तुम्ही येता तेव्हा पाणी लांब गेलेलं असतं, ओली घट्ट वाळू मोकळी पडलेली असते, आणि तिच्यावर एसयूव्ही घालायचा मोह होतो. मग भेळ, फोटो, गप्पा. पाणी सर्वांत जोरात चढतं ते ओहोटीनंतर तिसऱ्या-चौथ्या तासात, म्हणजे आठ ते दहा, अंधारात. दर मोसमात गावातले ट्रॅक्टर कोणाची तरी गाडी ओढायला निघतात ते यामुळे. अष्टमी-नवमीला भांग असतो. तेव्हा चढ-उतार कमी आणि संध्याकाळी सहाला भरती. पोरंबाळं घेऊन यायचं तर भांगाच्या दिवसांत या.

ॲपमध्ये कधीच नसतं ते खाडीच्या तोंडाचं. बाणकोट, दाभोळ, कुठलीही घ्या. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर धावतं आणि समोरून लाटा आत येतात. दोघं भिडतात तिथे लाट आखूड आणि उभी होते, तोंडावर वाळूचा बांध असला तर फुटते. बाहेर समुद्र १ मीटर दाखवत असतो आणि तोंडावर होडी उलटायची वेळ येते. म्हणून बोटी बाहेर काढायच्या, आत आणायच्या त्या भरतीच्या बेताने.

मुळाकाठचा | १२ मे, सकाळी ९:१२

मेघाताई, हे खाडीच्या तोंडाचं सोन्यासारखं लिहिलंत. विंडीवर दाभोळच्या खाडीत बोट ठेवलं तर ते बाहेरच्याच समुद्राचा आकडा देतं, कारण अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलचा एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा असतो. त्यात खाडी मावतच नाही.

जुना_डेकवाला | १२ मे, सकाळी ९:५०

पाऊणपटीला पुस्ती : पौर्णिमेला तो नियम अर्धा-पाऊण तास मागे पडतो, मुंबईला भरती बाराच्या आसपास होते. जसजसं दक्षिणेला जाल तसतशी भरती थोडी आधी येते आणि पाण्याचा चढ-उतारही घटतो. मुंबईला उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी जातं, गोव्याकडे सगळा खेळ दोन मीटरच्या आसपास. उलट वर खंभातच्या आखातात, भावनगरला, दहा मीटरचा फरक. उधाणाची कमाल नेमकी पौर्णिमेलाच नसते, एक-दोन दिवस नंतर असते, हेही ध्यानात ठेवा.

शंकासुर_सदाशिव | १२ मे, दुपारी १:३०

सगळं ठीक. पण खात्याचे इशारे वाचून कोणी घरी बसतं का? 'ताशी ४५ ते ५५ किमी वेगाने सोसाट्याचा वारा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' वर्षानुवर्षं हेच वाक्य. दहा वेळा काही होत नाही, मग अकराव्यांदा कोण ऐकणार? पुण्यात तर रेड अलर्टला ऊन पडतं.

पाषाण_तलाव | १२ मे, संध्याकाळी ६:१५

शंकासुर, पुण्याचा रेड अलर्ट आणि समुद्रातला इशारा एका मापाने मोजू नका. पुण्यात चुकीच्या इशाऱ्याने तुमची छत्री वाया जाते. बोट भर समुद्रात शंभर मैलांवर असेल तर तिला परतायला दहा-बारा तास लागतात, कधी त्याहून जास्त. त्यामुळे शक्यता कमी असली तरी आधीच सांगावं लागतं. मी शास्त्रज्ञ नाही, नोंदी घेणाऱ्यांतला होतो. पण तीन-चार वादळं जवळून पाहिली आहेत, ती एकेक वेगळी गोष्ट सांगतात.

फयान, नोव्हेंबर २००९. अलिबाग-मुंबईच्या मध्ये जमिनीवर आलं, ११ तारखेला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी बोटी बाहेर होत्या, अनेक खलाशी परतले नाहीत. बातमी बोटीपर्यंत पोचवायची कशी, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. ओखी, २०१७. कन्याकुमारीजवळ ३० नोव्हेंबरला झपाट्याने चक्रीवादळ झालं. कित्येक दिवसांच्या फेरीवर निघालेल्या केरळ-तमिळनाडूच्या बोटी वायरलेसच्या टप्प्याबाहेर होत्या. त्यातल्या बऱ्याच शेवटी देवगडला आश्रयाला आल्या. म्हणजे अंदाज असूनही उपयोग झाला नाही, कारण ऐकणाराच टप्प्यात नव्हता. मच्छीमारांपर्यंत उपग्रहाने संदेश पोचवणाऱ्या यंत्रांवर त्यानंतर इतका भर का दिला गेला, ते यावरून समजेल.

निसर्ग, ३ जून २०२०. हे तुम्हा-आम्हाला आठवतं, कारण ते घाट चढून आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पुण्यात झाडं पडली, मावळ-जुन्नरकडे पॉलिहाऊस उडाले. पण मार्ग आणि वेळ आधी कळलेली होती, बोटी बंदरात होत्या, किनाऱ्यावरचे लोक हलवले होते. वर्षभराने तौक्ते. ते गुजरातेत १७ मे २०२१ ला शिरलं, कोकणाला लांबून घासत. त्यात मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात एक बार्ज बुडाली आणि मोठी मनुष्यहानी झाली. वादळाचा इशारा बरेच दिवस आधीपासून होता. मला वाटतं, 'दहा वेळा काही होत नाही'चं उत्तर त्यात आहे.

ऋता_बाणेर | १२ मे, रात्री ९:०२

माझा भाबडा प्रश्न. ही वादळं मे-जूनच्या सुरुवातीला नाहीतर ऑक्टोबर-डिसेंबरमध्येच का? जुलैमध्ये तर समुद्र सगळ्यांत जास्त खवळलेला असतो ना?

पाषाण_तलाव | १२ मे, रात्री १०:१०

भाबडा नाही, नेमका प्रश्न आहे. चक्रीवादळाला दोन गोष्टी लागतात : खाली गरम पाणी, ढोबळमानाने २६.५ अंशांच्या वर, आणि वरपर्यंत साधारण एकाच दिशेचा, फारसा न बदलणारा वारा. मेमध्ये अरबी समुद्राच्या आग्नेय भागात पाणी ३० अंशांच्या पुढे जातं आणि वरचा वाराही शांत असतो. म्हणून धोका.

जूनमध्ये मोसमी वारे स्थिरावले की सोमालियाच्या किनाऱ्यावरून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा जोरदार झोत सुरू होतो, सोकोत्रावरून अरबी समुद्र ओलांडून थेट आपल्या किनाऱ्याकडे. त्याच वेळी चौदा-पंधरा किलोमीटरवर त्याच्या बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत असतो. खालून एकीकडे, वरून दुसरीकडे. वादळाचा खांब उभा राहायच्या आत त्याचं डोकं उडतं. शिवाय हाच खालचा वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याशी खोलातलं गार पाणी वर आणतो आणि सगळा समुद्र घुसळून काढतो. म्हणून जुलैमध्ये कोकणाबाहेर तीन-चार मीटरच्या लाटा रोजच्याच, पण चक्रीवादळ जवळजवळ नाहीच. ऑक्टोबरात वारे परतले की पुन्हा तीच मेसारखी मोकळीक.

एरवी बंगालच्या उपसागरात चार वादळं तर अरबी समुद्रात एक, असं आम्ही शिकलो. आता तो हिशेब बदलतोय. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या. त्यातल्या नंतरच्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटलेली. २०१९ मध्ये तर क्यार आणि महा ही दोन एकापाठोपाठ एक येऊन गेली. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय ६ तारखेला जन्मलं आणि १५ तारखेला कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्याला लागलं. एवढे दिवस ते गरम पाण्यावर रेंगाळत होतं.

गणेश_पेठकर | १२ मे, रात्री १०:५५

मासळीबाजारातला माणूस म्हणून थोडं विषयांतर. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा दोन्हीकडे बंद, आणि पुण्यातले भाव तेव्हा विचारू नयेत. १५ जूननंतर आंध्रकडचा माल यायला लागतो, उजनीचं गोडं मासं तर असतंच. 'ताजी कोकणातली सुरमई' अशी पाटी जुलैमध्ये दिसली तर विकणाऱ्याचं कौतुक करून पुढे जा. बंदी माशांच्या विणीसाठी म्हणतात, पण तीन-चार मीटरच्या लाटांत ट्रॉलर घालणार तरी कोण?

हर्णैची_मेघा | १३ मे, सकाळी ७:४५

पेठकरदादा, घालणारे घालतात, हेच तर दुखणं आहे. :) आमच्याकडे जुने लोक नारळी पौर्णिमेआधी बोट लोटत नाहीत. कायद्याने १ ऑगस्टला मोकळीक मिळते, तेव्हा समुद्र बऱ्याचदा निवळलेला नसतो. कर्जाचा हप्ता मात्र १ तारखेलाच असतो.

कोथरूडची_आई | १३ मे, सकाळी ११:२०

वाचून घाबरले. मुलगा कॉलेजच्या मित्रांबरोबर येत्या शनिवारी तारकर्लीला चाललाय, स्नॉर्केलिंग वगैरे. 'आई, पाणी एकदम स्वच्छ आहे' एवढंच सांगतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याच्या कॉलेजची मुलं गेली ते डोळ्यांसमोरून जात नाही. जाऊ नको म्हणू का?

हर्णैची_मेघा | १३ मे, दुपारी १२:०५

काकू, जाऊ दे त्याला. पण त्याला एवढं नक्की सांगा.

पाण्यातलं सगळं सकाळी उरकायचं. मेमध्ये जमीन तापली की दुपारपासून खारे वारे जोर धरतात, तीन-चार वाजता पाणी पार बिघडलेलं असतं. रात्री मतलई वारे सुटून पुन्हा निवळतं, त्यामुळे सकाळचं पाणी बघून संध्याकाळचं ठरवायचं नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तो संगम दिसायला सुंदर, पण ओहोटी लागली की तिथे पोहायचं नाही. आणि किनाऱ्यावर उभं राहून पाच-दहा मिनिटं नुसतं बघायचं. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, जरा गढूळ किंवा काळपट दिसतोय, तर मुलं 'इथे शांत आहे' म्हणून नेमकी तिथेच उतरतात. तो परत जाणाऱ्या पाण्याचा रस्ता असतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे हात मारून दमायचं नाही. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे यायचं. जमलं नाही तर नुसतं तरंगत राहून हात वर करायचा.

लाइफ जॅकेटचे पट्टे बांधायचे. बोटवाला नाही म्हणाला तर शंभर रुपये जास्त देऊन त्याला तयार करायचं नाही.

मुळाकाठचा | १३ मे, दुपारी १२:४०

शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय. जास्त पैसे देऊन बोट काढायला लावणारे आपल्यातलेच असतात. शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर जलक्रीडा आणि किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, तेव्हाही 'कोणी नेईल का बघा ना' चालूच.

शंकासुर_सदाशिव | १३ मे, दुपारी ३:१५

मेघाताई, बंदरावर बावटा लावतात म्हणतात, तो आम्हा सामान्यांना दिसतो का? आणि तीन नंबर म्हणजे नक्की किती वाईट?

हर्णैची_मेघा | १३ मे, दुपारी ४:००

दिसतो. बंदर कार्यालयाच्या खांबावर दिवसा काळे आकार आणि रात्री लाल-पांढरे दिवे. १ आणि २ नंबर लांब समुद्रातल्या गडबडीचे. ३ म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका, पावसाळ्यात हाच जास्त दिसतो. ४ ला वादळ बंदरावर येण्याची शक्यता. पुढे १० पर्यंत चढत जातात. ११ म्हणजे वेधशाळेशी संपर्कच तुटला. तुमच्यासारख्यांनी ३ दिसला की पाण्यात उतरू नये, हॉटेलात बसून सोलकढी प्यावी.

पाषाण_तलाव | १३ मे, संध्याकाळी ५:३०

आणि घरून बघायचं तर इन्कॉइसच्या साइटवर राज्य आणि जिल्हा निवडा, उंच लाटांचे इशारे जिल्हावार असतात, बरेचसे मजकूर मराठीतही. वाऱ्या-वादळासाठी हवामान खात्याचं मच्छीमारांसाठीचं पत्रक, विजांसाठी आयआयटीएमचं दामिनी ॲप. विंडीवर मॉडेल बदलून बघा. दोन मॉडेलांत चार दिवसांनंतरचं चित्र जमत नसेल तर तेवढ्या लांबचा अंदाज अजून कच्चा आहे, हॉटेलचं बुकिंग रद्द होण्यासारखं घ्या.

कोथरूडची_आई | १३ मे, रात्री ९:२५

मेघाचा मेसेज जसाच्या तसा पाठवला. त्याचं उत्तर : 'शनिवारी तिथी काय आहे?' कालनिर्णय काढून ठेवलंय.